एक्केचाळीस नंबरचा नमुना

मैत्रेयी धर्माधिकारीचा मेल आला तेव्हा यशोधरा भिंगारदिवे केडगावच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत वाळवलेली माती चाळत होती. मेल चार-पाच ओळींचा होता. मैत्रेयी हॉलंडमधल्या ज्या विद्यापीठात पीएच.डी. करत होती, तिथे तिच्याच प्राध्यापकांकडे आणखी एक जागा निघाली होती. फी नाही, वर चार वर्षं दरमहा पगार. विषय क्षारपड जमिनींचा. तू अर्ज कर, मी सरांशी तुझ्याबद्दल बोलते, असं तिने लिहिलं होतं. खाली एक लिंक, आणि शेवटी, 'कशी आहेस?'

यशोधराने हात पुसले, मेल पुन्हा वाचला आणि मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. एम.एस्सी. संपून सहा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात मैत्रेयीने तिला कधी कशी आहेस म्हणून विचारलं नव्हतं.

दोघी एका वर्गातल्या. कॉलेज दुसऱ्या जिल्ह्यातलं, पण त्यांच्या गाईड सरांचा प्रकल्प होता मुळा कालव्याच्या पट्ट्यातल्या चोपण जमिनींवर. वर्षानुवर्षं उसाला पाटाचं पाणी देऊन जिथे वर पांढरा थर आला आहे आणि काहीच नीट उगवत नाही, अशा जमिनी. यशोधरा राहुरीची. सर म्हणाले, तू तिकडचीच आहेस, फिरायचं काम तू कर. तिने दोन उन्हाळे शेताशेतातून फिरून चौसष्ट ठिकाणची माती काढली. मैत्रेयी पहिल्या नंबरची, इंग्रजी उत्तम, तिच्याकडे आकडेमोड आणि लिखाण गेलं. पुढे मैत्रेयी परदेशी गेली. यशोधरा केडगावला नोकरीला लागली आणि रोज राहुरीहून एसटीने जाऊ-येऊ लागली.

पीएच.डी. तिने सोडून दिली होती असं नाही. नेट पास झाली, फेलोशिप मात्र थोडक्यात हुकली. इथल्या तीन विद्यापीठांत मुलाखती दिल्या. कुठे जागा नव्हती, तर कुठे जागा होती पण तिच्या विषयाचा गाईड नव्हता. समाजकल्याणच्या परदेशी शिष्यवृत्तीसाठी आधी तिकडच्या विद्यापीठात प्रवेश हातात हवा होता. तो मिळवायला तिने इंग्रजीची परीक्षा दिली आणि अकरा प्राध्यापकांना पत्रं लिहिली. दोघांची उत्तरं आली, दोन्ही नकाराची. एकदा नगरमध्ये 'परदेशी शिष्यवृत्ती हमखास' असा बोर्ड लावलेल्या एका ऑफिसात ती गेली होती. तिथल्या माणसाने गोड बोलून चहा पाजला आणि मूळ प्रमाणपत्रं आमच्याकडे ठेवून जा म्हणाला. यशोधरा फाईल छातीशी धरून तशीच जिना उतरली.

हा संशयी स्वभाव तिला वडिलांकडून आला होता. उत्तमराव तरुणपणी एका साखर कारखान्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर होते. एके दिवशी मुकादमाने त्यांच्या हातात चिकटवलेलं पाकीट दिलं आणि ऑफिसात नेऊन द्यायला सांगितलं. उत्तमराव उन्हातून चार किलोमीटर चालत गेले, पाकीट दिलं. साहेबाने ते वाचलं आणि म्हणाला, उद्यापासून येऊ नको. त्यांना कामावरून काढा असं सांगणारं पत्र त्यांनी स्वतःच्याच हाताने पोचवलं होतं. त्यानंतर उत्तमरावांनी आयुष्यात कुठलाही कागद न वाचता पुढे नेला नाही. लग्नपत्रिकासुद्धा ते खालच्या प्रेसच्या नावापर्यंत वाचत.

त्यामुळे यशोधराने मैत्रेयीच्या लिंकला हात लावला नाही. दुपारी प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर तिने कॉम्प्युटरवर त्या विद्यापीठाचं नाव स्वतः टाईप केलं, त्यांच्या पानावरून नोकऱ्यांच्या यादीत गेली आणि जाहिरात शोधून काढली. जाहिरात खरी होती. अर्जाला पैसे नव्हते, मूळ कागद कोणी मागत नव्हतं. मुदत संपायला सतरा दिवस होते.

तिचं समाधान व्हायला हवं होतं, पण झालं उलटंच. जाहिरातीत लिहिलं होतं की, कालव्याखालच्या ऊस पट्ट्यात स्वतः नमुने गोळा केलेल्या उमेदवाराला प्राधान्य. सगळ्या जगातून अर्ज मागवणारी जाहिरात, आणि अट अशी की जणू तिचं माप घेऊन शिवलेली. इतकं नीट बसणारं काही तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. यात मैत्रेयीचा काय फायदा, हा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना.

म्हणून तिने प्राध्यापकांच्या पानावर जाऊन त्यांचे शोधनिबंध पाहायला सुरुवात केली. वरून तिसरा निबंध मैत्रेयीचा होता, मागच्या वर्षीचा. त्यात एक नकाशा होता. राहुरीपासून शनिशिंगणापूरच्या बाजूला गेलेला कालवा, आणि त्याच्या खाली ओळीने मांडलेले ठिपके. यशोधराने ते मोजले. चौसष्ट.

नकाशे कोणीही काढतं, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. मग तिला तो ठिपका दिसला. बाकी सगळे सारख्या अंतरावर होते, एकच ओळ सोडून बाजूला पडला होता. एक्केचाळीस नंबर. ती जागा तिला चांगली आठवत होती. शिंगणापूरच्या रस्त्यालगत ठरलेल्या शेतात मालकाने तिला पाऊल टाकू दिलं नव्हतं. माती कुठं नेता, उद्या जमीन खराब म्हणून कागदावर चढली तर कोण जबाबदार, असं विचारत त्याने तिला बांधावरूनच परतवून लावलं. ती तीनशे मीटर पुढे गेली. तिथे राधाकृष्ण नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने माती काढू दिली, वर भुईमुगाच्या शेंगा दिल्या. तिने मोबाईलवर जागेची नोंद घेतली आणि ठिकाण का बदललं ते वहीत लिहून ठेवलं.

निबंधाच्या शेवटी आभार होते. प्रयोगशाळेचे, निधी देणाऱ्या संस्थेचे, आणि 'स्थानिक मदतनिसांचे'. यशोधरा भिंगारदिवे हे नाव कुठेच नव्हतं.

ती संध्याकाळची एसटी चुकवून तशीच बसून राहिली. दुसऱ्या गाडीने घरी गेली तेव्हा आई, गीताबाई, दारातच उभ्या होत्या. चेहरा पाहून त्यांनी आधी ताट वाढलं. जेवण झाल्यावर यशोधराने आईवडिलांना सगळं सांगितलं. गीताबाईंना मेलमधली जागा आधी दिसली. पोरीला इतक्या वर्षांनी दार उघडतंय, ते कोणी का उघडेना, असं त्यांचं म्हणणं.

"तुझ्याकडं काय हाय जे तिच्याकडं न्हाई?" उत्तमरावांनी विचारलं.

यशोधरा उठली आणि तिने कपाटातून तीन वह्या काढून आणल्या. निळ्या पुठ्ठ्याच्या, मातीच्या बोटांनी मळलेल्या. प्रकल्पाला तिने आकड्यांचा तक्ता दिला होता. वह्या कोणी मागितल्या नव्हत्या.

"मंग त्येच पायजे आसंल," उत्तमराव म्हणाले. "जागा दाखवून वह्या काढून घ्यायच्या. आधी इचार तिला. सरळ इचार."

रविवारी सकाळी तिने मैत्रेयीला फोन लावला. मैत्रेयीचा आवाज आनंदाचा होता, निदान तसा वाटला. अर्ज भरलास का, पत्र लिहिताना काही अडलं तर पाठव, मी बघते, असं ती भराभर बोलत राहिली. यशोधराने तिला बोलू दिलं आणि मग विचारलं, "मैत्रेयी, तुझ्या निबंधातला एक्केचाळीस नंबरचा नमुना ओळीच्या बाहेर का आहे?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"इथल्या सरांनीही तेच विचारलं," मैत्रेयी म्हणाली. "मला सांगता आलं नाही."

मग हळूहळू ते बाहेर आलं. आजूबाजूच्या सगळ्या नमुन्यांत मीठ जास्त होतं आणि तेवढ्या एका ठिकाणी निम्म्याहून कमी. प्राध्यापकांना वाटत होतं, एक तर तो आकडा चुकीचा आहे, नाहीतर त्या शेतात काहीतरी घडलं आहे जे समजून घ्यायला हवं. नवी जागा त्या शंकेतूनच निघाली होती. ही माती कोणी काढली, असं त्यांनी मैत्रेयीला विचारलं, तेव्हा तिने यशोधराचं नाव सांगितलं. म्हणजे निबंध छापून आल्यानंतर सांगितलं.

"माझं नाव आधी का नाही घातलंस?"

मैत्रेयी आधी म्हणाली, आकडे प्रकल्पाचे होते, गाईड सरांनी तिला दिले होते, नियमाने चूक नाही. मग म्हणाली, निबंध घाईत गेला. शेवटी ती म्हणाली, "मला वाटलं, तुला कळणार नाही."

एवढं एकच वाक्य यशोधराला खरं वाटलं. तिने बरं म्हणून फोन ठेवला.

पुढचे आठ दिवस ती अर्ज करावा की नाही यात अडकली होती. अर्ज केला तर मैत्रेयीच्या उपकारात जायचं. नाही केला तर मैत्रेयी आकड्यांसकट तिथे राहणार आणि ती केडगावात माती चाळत. आणि अर्ज करून निबंधाबद्दल तोंड उघडलं तर? जो माणूस दारातच तक्रार घेऊन उभा राहतो त्याला कोण आत घेईल? प्राध्यापक शेवटी मैत्रेयीचेच. त्यांचंही नाव त्या निबंधावर होतं.

तिने अर्ज भरायला घेतला तो निर्णय न घेताच. माहितीपत्रक, गुणपत्रिका, संशोधनाबद्दलचं दोन पानी पत्र. शिफारसपत्रं दोन हवी होती, आणि ती लिहिणाऱ्याने आपल्या मेलवरून थेट विद्यापीठाला पाठवायची. उमेदवाराला दिसणार नाहीत. ही अट वाचून उत्तमरावांनी मान हलवली. बंद पाकीट, ते म्हणाले.

एक पत्र गाईड सरांचं. ते आता निवृत्त होते. फोनवर ते मोकळेपणाने बोलले, हो म्हणाले, पण आकड्यांचा विषय निघताच त्यांनी तब्येतीचं कारण काढून फोन आवरता घेतला. हे काय लिहितील ते यशोधराला कळायला मार्ग नव्हता. दुसरं पत्र प्रयोगशाळेच्या मालकांचं, आबासाहेबांचं. ते तिला म्हणाले, मॅडम, तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो, जग असंच चालतं. तिने नाही म्हटल्यावर त्यांना ते फारसं आवडलं नाही. तिच्याशिवाय प्रयोगशाळा चालणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ते ठाऊक आहे हे तिला. बाईला जाऊ द्यायचं नसेल तर दोन थंड ओळी पुरे होत्या. दोन दिवस ते केबिनचं दार लावून काहीतरी टाईप करत होते. तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मुदतीच्या तीन दिवस आधी तिने प्राध्यापकांना वेगळा मेल लिहिला. सहा वेळा खोडून सातव्यांदा तो छोटा झाला. या निबंधातले चौसष्ट नमुने मी गोळा केले आहेत. त्यांच्या मूळ नोंदवह्या माझ्याकडे आहेत. निबंधात माझं नाव नाही. मी तुमच्याकडच्या जागेसाठी अर्ज करत आहे आणि हे तुम्हाला नंतर दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आधी कळवत आहे. सोबत एक पान.

पानावरून घरात वाद झाला होता. ती पूर्ण वह्यांचे फोटो पाठवायला निघाली होती, म्हणजे खरं-खोटं त्यांनाच पाहता येईल. उत्तमरावांनी नको म्हटलं. "समदं दिल्यावर तुझी गरज काय त्यांना? एक पान दाव. बाकीचं बघायचं आसंल तर तुला बोलावतील."

तिने एक्केचाळीस नंबरचं पान पाठवलं. तिथे तिच्या त्या वेळच्या अक्षरात लिहिलं होतं: ठरलेल्या मालकाची हरकत. तीनशे मीटर पुढचं शेत. मालकाने स्वतः बांधाकडेने कमरेइतका खोल चर खणून त्याचं तोंड ओढ्याला काढलं आहे, चार वर्षं झाली. खारं पाणी त्यातून निघून जातं. पीक भुईमूग, चांगला.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. दोन ओळी. तुमचं पत्र मिळालं, आभारी आहे. निबंधाचा प्रश्न आणि तुमचा अर्ज या दोन गोष्टी वेगवेगळ्या हाताळल्या जातील. यात राग आहे की लोभ, हे गीताबाईंनी चार वेळा विचारलं. त्यानंतर दोन महिने काहीच नाही. दरम्यान मैत्रेयीचे तीन मेसेज आले, तिने एकालाही उत्तर दिलं नाही. आपला अर्ज शांतपणे बाजूला ठेवला गेला आहे आणि आपल्या एका पानावर तिकडे काम सुरू झालं आहे, अशी तिची खात्री होत चालली होती. उत्तमरावांना तिने ते बोलून दाखवलं नाही. पान पाठवायचा सल्ला त्यांचा होता.

मग मुलाखतीचं पत्र आलं.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर, दुपारी अडीचला. घरी रेंजचा भरवसा नव्हता म्हणून तिने आबासाहेबांची केबिन मागितली. त्यांनी दिली, वर त्या दिवशी माती घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना बाहेर बसवून आवाज करू नका म्हणून सांगितलं. पलीकडे तिघं होते. प्राध्यापक, आणखी एक पुरुष, आणि दुसऱ्या विभागातल्या एक बाई. निबंधाचं नावही कोणी काढलं नाही. प्राध्यापकांनी नमुन्यांच्या जागा कशा ठरवल्या, किती खोल खणलं, माती कशात भरली, हे विचारलं. ती वह्या उघडून सांगत गेली. राधाकृष्णांच्या चराबद्दल त्यांनी दहा मिनिटं खोदून विचारलं. तो चर अजून आहे का? तिला माहीत होतं, कारण मागच्याच रविवारी ती तिथे जाऊन आली होती. चर होता, म्हातारे गेले होते, मुलगा दर उन्हाळ्यात तो साफ करत होता.

शेवटी बाईंनी विचारलं, तुमच्या सहकाऱ्याच्या कामात तुम्हाला काही गैर आढळलं तर तुम्ही काय कराल?

हा सापळा आहे, असं यशोधराला वाटलं. मैत्रेयीचं नाव घ्यायला लावायचं, आणि घेतलं की ही भांडखोर म्हणून खूण करायची. तिने पाण्याचा घोट घेतला.

"आधी त्यालाच विचारीन," ती इंग्रजीत म्हणाली. "मग लिहून कळवीन. मी तेच केलं आहे."

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

तिची निवड झाल्याचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. त्याच आठवड्यात मासिकाकडून निबंधाच्या दुरुस्तीचा फॉर्म आला. त्यात लेखकांत तिचं नाव घातलं होतं, मैत्रेयीची सही आधीच होती. गाईड सरांनी काय लिहिलं होतं ते तिला कधीच कळलं नाही. आबासाहेबांनी मात्र पेढे आणले आणि न राहवून सांगून टाकलं, की त्यांनी पत्रात लिहिलं होतं, ही बाई गेली तर माझं नुकसान आहे, त्यावरून काय ते समजा.

नेमणुकीचा करार अकरा पानांचा होता. उत्तमरावांनी तो तिच्याकडून मराठीत वाचून घेतला, दोन दिवस, एकेक कलम. सातव्या पानावर, काम करताना जमा झालेली माहिती विद्यापीठाची, असं होतं. तिथे त्यांनी बोट ठेवलं. "जुन्या वह्याबी त्यात आल्या का?" यशोधराला हा प्रश्न सुचला नव्हता. तिने मेल करून विचारलं. जुन्या वह्या तुमच्या, तुम्ही परवानगी द्याल तेवढंच वापरू, असं उत्तर आलं. उत्तमरावांनी तो मेल छापून करारासोबत टाचायला लावला. मगच तिने सही केली.

सप्टेंबरमध्ये ती गेली. तिकडच्या स्टेशनवर मैत्रेयी घ्यायला आली होती. तिने बॅग उचलायला हात पुढे केला, यशोधराने ती स्वतःच उचलली. बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. मैत्रेयी म्हणाली, "मी तुझं नाव सरांना सांगितलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं."

"माहितीये," यशोधरा म्हणाली. "म्हणूनच मला कळत नाही, तू ते का सांगितलंस."

उतरायची वेळ आली तेव्हा मैत्रेयी म्हणाली, सर विचारत होते आणि माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. ते खरं असेल. त्यामागे आणखी काही असेल, तेही खरं असेल. यशोधराने पुढे विचारलं नाही.

आता दोघी एका खोलीत बसतात, टेबलं समोरासमोर. मैत्रेयीने तिला बँकेचं खातं उघडून दिलं, सायकल मिळवून दिली, थंडीचे कपडे कुठून घ्यायचे ते सांगितलं. यशोधरा उठताना कॉम्प्युटर बंद करून जाते, पाणी आणायला गेली तरी. दर रविवारी राहुरीहून फोन येतो. गीताबाई जेवणाचं विचारतात आणि मग उत्तमराव फोन घेतात.

"ती पोरगी कशी वागती?"

"चांगली वागते, बाबा."

"का?"

"अजून कळलं नाही," यशोधरा म्हणते, आणि उत्तमराव बरं म्हणून फोन गीताबाईंच्या हातात देतात.